‘मी असं म्हणलोच नाही’ म्हणणाऱ्या साहेबाचं काय करायचं?

विचारणाऱ्या बाईंचा प्रश्न लांब आहे, म्हणून आधी थोडक्यात मांडते. त्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात डिस्पॅचची कागदपत्रं बघतात. नोकरीला ४ वर्षं ७ महिने झाले. ८ महिन्यांपूर्वी नवे मॅनेजर आले. साहेब सगळं तोंडी सांगतात आणि काही अडलं की ‘मी असं म्हणलोच नाही’ म्हणून मोकळे होतात. फेब्रुवारीत पावणेवीस इंची कार्टनऐवजी सव्वाअठरा इंची घ्यायला त्यांनीच सांगितलं, पॅकिंग लिस्ट तशी झाली, आणि कंटेनर भरताना हिशेब चुकला तेव्हा लोडिंगच्या पोरांसमोर यांनाच झापलं. मीटिंगचा निरोप सगळ्यांना जातो, यांना जात नाही, आणि मग ‘तू का आली नाहीस?’ अशी विचारणा होते. वर मायेनं म्हणायचं, ‘घरी काही टेन्शन आहे का गं? हल्ली तुझ्या लक्षात राहत नाही.’ नवरा म्हणतो सोडून दे, वडील म्हणतात चिकटून राहा. याला गॅसलायटिंग म्हणायचं का आणि करायचं काय, असं त्या विचारतात. प्रश्नाची शेवटची ओळ अशी आहे: ‘मॅडम, मी खरंच विसरायला लागलेय का?’

त्या ओळीकडे शेवटी येते.

माझं म्हणणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता यावं म्हणून माझ्याबद्दल दोन शब्द. १९९६ मध्ये एका सूतगिरणीच्या टाइम ऑफिसात हजेरीपत्रकं भरायला लागले. पुढं त्याच खात्याला लोक पर्सोनेल म्हणू लागले, मग एचआर. पंचवीसेक वर्षं आपल्याच गावातल्या कारखान्यांमध्ये काढली. आता दोन-तीन ठिकाणच्या, लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. मी वकील नाही, डॉक्टरही नाही. टेबलाच्या पलीकडे, जिथं तुमच्यासारख्यांची तक्रार येऊन पडते, तिथं मी बसलेली आहे.

आधी ‘गॅसलायटिंग’ या शब्दाचं बघू, म्हणजे समोरच्याला स्वतःच्याच आठवणीवर शंका घ्यायला लावणं. १९३८ च्या एका इंग्रजी नाटकावरून तो आला. त्यातला नवरा बायकोला पटवत असतो की तुला भास होतात, तू वस्तू हरवतेस. तो वरच्या मजल्यावर गुपचूप दिवा लावतो तेव्हा खालच्या खोलीतला गॅसचा दिवा मंद होतो, आणि ते तिला दिसत असतं. लोक हा किस्सा सांगताना एक गोष्ट विसरतात. दिवा खरोखरच मंद होत होता. बाईचं निरीक्षण बरोबर होतं, फक्त तिच्याकडे दुसरा साक्षीदार नव्हता.

तुमची अडचण तीच आहे. साहेब वाईट आहेत की नाहीत हा वाद तुम्ही मनात रोज लढताय, आणि तो कधी संपणार नाही. कारण सगळा पुरावा दोनच ठिकाणी आहे, त्यांच्या तोंडात आणि तुमच्या डोक्यात. अशा वादात ज्याची खुर्ची मोठी त्याची आठवण खरी ठरते. म्हणून मी तुम्हाला साहेबांना ओळखण्याचे धडे देणार नाही. काम त्या दोन जागांतून बाहेर काढून कागदावर कसं आणायचं ते सांगणार आहे. एकदा ते आलं की साहेब कोण आहेत हे आपोआप कळतं.

पण घाईनं शिक्का मारू नका, एवढं मात्र सांगते. आपल्या गावात कडक बोलणं हे काही छळाचं लक्षण नाही. इथं ‘काय बे’ म्हणून हाक मारणारा प्रेमानंही मारतो. मुदत चुकली म्हणून ओरडणारा साहेब, चूक दाखवणारा साहेब, सुट्टी नाकारणारा साहेब, हे सगळे नकोसे असतात, पण त्यातला प्रत्येक जण छळणारा नसतो. एकदा लातूरकडचा एक मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, खात्यातले सगळे मुद्दाम तेलुगूत बोलतात, माझी टिंगल करतात. चौकशी केली. बोलत होते हे खरं, पण आपापसात घरी बोलतात तशीच भाषा, आणि निम्म्याहून जास्त विषय भिशीचा. त्या पोराला महिनाभर झोप नव्हती. त्याचं दुःख खोटं नव्हतं, त्यानं लावलेलं कारण चुकीचं होतं. पॅकिंगमधल्या एका अक्कांना सांगितलं, त्यांनी त्याला जेवायला आपल्यात बसवून घेतलं, प्रकरण मिटलं. पुढं तोच भिशीत सामील झाला.

छळ ओळखताना मी एकेका घटनेकडे बघत नाही, किती वेळा झालं आणि कुणावर झालं ते बघते. स्वीडनमध्ये हाइन्ट्स लायमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात या विषयाचा पहिला मोठा अभ्यास केला. त्यांनी मोजमापासाठी लावलेला निकष असा होता: आठवड्यातून किमान एकदा, आणि किमान सहा महिने. हा काही कायदा नाही, सहा महिने पूर्ण होईपर्यंत सोसत बसा असा त्याचा अर्थही नाही. पण एका वाईट दिवसात आणि मुरलेल्या सवयीत फरक करायला तो बरा पडतो. तुमच्या आठ महिन्यांत असं किती वेळा झालं? इतरांशीही तसंच होतं, की फक्त तुमच्याशी? चूक दाखवून झाल्यावर पुढं काय करायचं ते सांगितलं जातं, की नुसतं तुम्हीच कशा चुकीच्या हे घोळवलं जातं? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कामाची काळजी असलेला माणूस, कितीही तापट असला तरी, शेवटी कामावर येतो. कार्टन कुठलं, ट्रक किती वाजता, एवढ्यावर त्याचा राग थांबतो. तुमचे साहेब तुमच्या स्मरणशक्तीवर थांबतात.

आता तिसरी शक्यता, जी माझ्या अनुभवात सर्वांत जास्त आढळते. साहेब खरोखरच विसरतात. सकाळी मालकांचा फोन, दुपारी बायरचा मेल, संध्याकाळी डाइंगमध्ये शेड जुळत नाही म्हणून बोंब. अकरा वाजता काय बोललो ते चार वाजता त्यांना आठवत नाही, आणि ‘मी विसरलो’ म्हणायची सवय नाही. असा गोंधळी साहेब आणि मुद्दाम फिरवणारा साहेब वरून अगदी सारखे दिसतात. त्यांच्यात फरक करायला माझ्याकडे एकच कसोटी आहे, आणि ती आजवर क्वचितच चुकली आहे. त्यांनी तोंडी सांगितलं की दहा मिनिटांत तेच लिहून पाठवा. लांबलचक नको, एवढंच:

‘सर, आत्ता ११ वाजता सांगितल्याप्रमाणे या ऑर्डरला सव्वाअठरा इंची कार्टन धरून पॅकिंग लिस्ट करत आहे. बदल असल्यास ३ वाजेपर्यंत कळवावे.’

मेल असेल तर मेलवर, नसेल तर व्हॉट्सअॅपवर. तक्रारीचा सूर नको, ‘नंतर तुम्ही नाही म्हणता म्हणून लिहितेय’ असं तर चुकूनही नको. आणि मग बघा. गोंधळी माणूस पहिल्या आठवड्यात जरा कुरकुरेल, दुसऱ्या आठवड्यात त्याला बरं वाटायला लागेल, महिन्याभरात तोच विचारेल, ‘तू लिहून पाठवलं होतंस ना, बघ जरा.’ फिरवणाऱ्या माणसाला मात्र राग येतो. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ ‘काय पुरावे गोळा करतीस?’ ‘हे लिहायचं बंद कर.’ साधी कामाची नोंद एखाद्याला टोचत असेल तर का टोचते, हे त्याला विचारायची गरज नाही.

बंद कर म्हणाले तर काय? ‘सर, माझ्याकडून चूक होऊ नये म्हणून लिहिते. मागे तुम्हीच म्हणालात ना, लक्षात राहत नाही.’ हे शांतपणे म्हणता आलं तर फारच छान. त्यांचंच वाक्य आहे, खोडून काढणार कसं? मात्र आवाजात खोच आली तर हेच उत्तर उलटतं. स्वतःचा भरवसा नसेल तर ‘बरं सर’ म्हणा आणि लिहीत राहा.

दुसरी गोष्ट वहीची. शिवलेली, पानांना नंबर असलेली वही घ्या. सुट्या कागदांवर कुणी विश्वास ठेवत नाही. ती घरी राहील, कारखान्याच्या ड्रॉवरमध्ये नाही. रोज लिहायची गरज नाही, घडलं त्या रात्री लिहा. तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण उभं होतं, आणि त्यामुळे कामाचं काय झालं. हा शेवटचा रकाना लोक विसरतात. ‘मला फार वाईट वाटलं’ हे खरं असलं तरी मालकाच्या टेबलावर त्याला वजन नसतं. ‘कार्टन बदलल्यामुळे कंटेनर चार तास उशिरा निघाला’ याला असतं. ही वही पुढं कुठं दाखवावी लागेल की नाही कोण जाणे. पण तीन आठवड्यांनी मागची पानं चाळाल तेव्हा ‘मला भास होतात का’ हा प्रश्न बऱ्यापैकी मिटलेला असेल. माझ्याकडे आलेल्या अनेकींना वहीचा खरा उपयोग एवढाच झाला, आणि तो कमी नाही.

इथं एक धोक्याची सूचना. पुरावा जमवायच्या नादात बायरचे मेल, दरपत्रकं, इन्व्हॉइस स्वतःच्या खासगी मेलवर पाठवू नका. कंपनीची माहिती बाहेर नेली, एवढ्या एका मुद्द्यावर तुमची सगळी तक्रार गुंडाळता येते, आणि मी ती गुंडाळली जाताना पाहिली आहे. तुमच्या आणि साहेबांच्या बोलण्यापुरतंच जपा. व्हॉट्सअॅपवरचे निरोप नंतर पुसले जातात, म्हणून चॅट वेळच्या वेळी एक्स्पोर्ट करून ठेवा आणि मूळ फोन विकू किंवा बदलू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ आहे. अशा इलेक्ट्रॉनिक नोंदी कोर्टात दाखवायच्या तर त्यासोबत ठरावीक प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि मूळ यंत्र हाताशी असलं तर काम सोपं होतं. चोरून रेकॉर्डिंग करावं का, हे सगळेच विचारतात. माझं मत, नको. धमकी किंवा लैंगिक काही असेल तर गोष्ट वेगळी. एरवी, ही बाई खिशात फोन चालू ठेवून फिरते असं एकदा पसरलं की जे चार जण तुमच्या बाजूचे होते तेही गप्प होतात.

समोरासमोर काय बोलायचं? कमीत कमी. ‘तुम्ही म्हणाला होता’, ‘मी म्हणलोच नाही’, ‘म्हणाला होता’, हा खेळ तुम्ही प्रत्येक वेळी हरणार. आठवणीवर वाद घालायचाच नाही, कामावर यायचं. ‘घरी टेन्शन आहे का गं?’ याला उत्तर, ‘घरचं ठीक आहे सर. कार्टन कुठलं धरू?’ चारचौघांत झापलं तर, ‘आकडा तपासून अर्ध्या तासात सांगते,’ आणि तिथून हला. रडू आलं तर येऊ द्या, त्यात कमीपणा नाही, पण शक्यतो त्या माणसासमोर स्पष्टीकरणं देत उभं राहू नका. मीटिंगचा निरोप मिळत नाही त्यावर साधा उपाय आहे. दर सोमवारी सकाळी एक ओळ: ‘सर, या आठवड्यातल्या मीटिंगच्या वेळा कळवाव्यात.’ उत्तर आलं तर प्रश्न मिटला. नाही आलं तर न आल्याची नोंद तारखेसकट तयार झाली.

सहकाऱ्यांवर रागावू नका. त्यांना सगळं दिसतं, आणि ते बोलणार नाहीत. कुणाचा घराचा हप्ता आहे, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय. ‘माझ्या बाजूनं साक्ष दे’ असं म्हणालात तर जे उभे आहेत तेही पळतील. त्यापेक्षा छोटं मागा. ‘साहेबांच्या केबिनमध्ये जाताना फाइल घेऊन माझ्याबरोबर येतोस का?’ तिसरा माणूस खोलीत असला की बरीच वाक्यं आपोआप गिळली जातात.

आता मला माझी एक जुनी चूक सांगायची आहे, कारण तुम्हाला पुढं जे सांगणार ते मी त्यातून शिकले. कारखान्याचं नाव सांगत नाही. स्टोअरमधला एक क्लार्क माझ्याकडे आला आणि म्हणाला, साहेब त्रास देतात. मी विचारलं, म्हणजे काय करतात? तो म्हणाला, सांगता येत नाही मॅडम, पण रोज देतात. पुरावा काय? गप्प. त्या महिन्यात पगारवाढीच्या वाटाघाटी चालू होत्या, माझ्या डोक्याला भुंगा होता. साहेबांना बोलावलं, ते हसून म्हणाले, ‘पोरगं हळवं आहे.’ मी फाइलवर ‘समज दिली’ असा शेरा मारून विषय संपवला. चार महिन्यांत तो सोडून गेला. त्याच्या जागी दुसरा आला, तो सात महिने टिकला. तिसरा आला आणि त्याच खुर्चीवरून, त्याच शब्दांत माझ्यापुढे बोलायला लागला, ‘सांगता येत नाही मॅडम.’ तेव्हा मी हजेरीपत्रकं काढली. दोन वर्षांत एका खुर्चीवर तीन माणसं. हजेरीपत्रकं ठेवणारी मी, आणि मलाच ते दिसलं नव्हतं. पहिल्या मुलाला नंतर शोधलं. भेटला, चहा पाजला त्यानंच. ‘जाऊ द्या मॅडम’ म्हणाला. ते ‘जाऊ द्या’ मला अजून टोचतं.

यातून दोन गोष्टी. एक, तुमच्या आधी या साहेबांच्या हाताखाली जे होते त्यांना शोधा. आधीच्या कारखान्यातले असतील तरी चालेल. सोलापुरात हे अवघड नाही, दोन फोनमध्ये माणूस सापडतो. ‘तुम्ही का सोडलंत?’ एवढंच विचारा आणि ऐका. दुसरी, तक्रार घेऊन जाताना ‘त्रास देतात’ हे दोन शब्द घरी ठेवून जा. ‘गॅसलायटिंग’ तर नक्कीच. ऐकणाऱ्याला तो शब्द माहीत नसेल तर हसेल, माहीत असेल तर लगेच आपल्याला न्यायाधीश करतायत म्हणून सावध होईल. तीन घटना, तीन तारखा, तीन परिणाम, एका पानात. चौथी घालू नका.

जायचं कुणाकडे, हे कारखान्यावर अवलंबून आहे. मोठी कंपनी असेल तर एचआर, पण ते खातं कंपनीचं असतं हे ध्यानात ठेवून. एचआरमधला माणूस चांगला असला तरी त्याचा पगार जिथून येतो तिथूनच येतो. मी स्वतः तिथं बसलेली असल्यामुळे हे म्हणायचा मला अधिकार आहे. तुमच्या वर्णनावरून तुमचा कारखाना घरचा धंदा दिसतो, म्हणजे एचआर म्हणजे अकाउंटंटच असणार आणि निर्णय मालकांचा. मग मालकांकडेच जा, पण वेळ बघून. शिपमेंटच्या दिवशी नको, पगाराच्या आठवड्यात नको, गड्ड्याच्या गर्दीत तर नकोच, तेव्हा अर्धं गाव सिद्धेश्वराच्या यात्रेत असतं. निवांत सकाळी दहा मिनिटं मागा. आणि बोलताना साहेबांच्या स्वभावावर एक वाक्यही बोलू नका. ‘तोंडी सूचनांमुळे गेल्या तीन महिन्यांत तीन शिपमेंटमध्ये घोळ झाला. यापुढं कार्टन, जीएसएम (कापडाचं वजन) आणि नगांचा बदल लेखीच द्यावा, असा नियम सगळ्यांसाठी करता येईल का?’ मालकाला मॅनेजर बदलणं जड जातं, पण नियम करणं फुकट असतं. आणि हा नियम झाला की ‘मी म्हणलोच नाही’ या वाक्याचा जीवच जातो. मॅनेजर मालकांचा भाचा-पुतण्या असेल तर? मग हे जपून, आणि खाली नोकरी सोडण्याबद्दल लिहिलंय ते आधी वाचा.

कायद्याबद्दल फार आशा लावू देत नाही. आपल्याकडे नुसत्या मानसिक छळासाठी, दादागिरीसाठी वेगळा कायदा नाही. लैंगिक रंग असेल, म्हणजे सूचक बोलणं, स्पर्श, मेसेज, किंवा अशा गोष्टीला नकार दिल्यानंतर कामात अडवणं, तर मात्र कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे आणि तो धारदार आहे. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती असलीच पाहिजे. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात मिळतो. तुम्ही लिहिलेल्यात तसं काही दिसत नाही, पण कधीकधी बायका तेवढंच लिहायचं गाळतात, म्हणून सांगितलं. कामावरून काढलं, सूड म्हणून बदली केली, तर कामगार कायद्यात दाद मागता येते, आणि तिथं तुमच्या हुद्द्याच्या नावापेक्षा तुम्ही प्रत्यक्ष काय काम करता ते बघितलं जातं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका, कामगार खात्याचं काम करणाऱ्या वकिलाला एकदा कागद दाखवा.

आता नवरा आणि वडील यांच्यातला वाद. दोघांचंही थोडं बरोबर आहे, आणि दोघांनीही एक हिशेब केलेला नाही. पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी लागू होते; तुम्ही कायम नोकरीत असाल तर तुम्हाला पाच महिने कमी आहेत. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून समजा १८,००० असेल, तर १५ भागिले २६ या सूत्रानं वर्षाला साधारण १०,३८५ होतात, पाच वर्षांचे ५२ हजारांच्या आसपास. पाच महिन्यांसाठी जीव जाळावा एवढी ती रक्कम आहे का, हे तुमच्या घरच्या परिस्थितीवर आहे. एखादीसाठी तो मुलाच्या शाळेचा वर्षाचा खर्च असतो, दुसरीसाठी नसतो. मी तुमच्या जागी असते तर मुदत ठरवली असती: तीन महिने लिहून बघायचं, त्यात एकदा मालकांशी बोलायचं, आणि पहिल्या दिवसापासूनच दुसरीकडे शोधायला लागायचं. डिस्पॅच आणि निर्यातीची कागदपत्रं हातात असलेल्या माणसाला चिंचोळी एमआयडीसीतही काम आहे आणि पुण्यातही. हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी निघून मुलाखत देऊन रात्री घरी येणारे कितीतरी आहेत, घरच्यांशिवाय कुणाला कळतही नाही.

सोडायची वेळ आली तर रागाच्या दिवशी सोडू नका. राजीनामा दोन ओळींचा असावा. अनुभवपत्र, शेवटचा हिशेब, पीएफची सदस्य माहिती हातात येईपर्यंत सगळ्यांशी गोड राहा. आणि कुणी केबिनमध्ये बसवून ‘इथं सही कर’ म्हणालं तर, कागद काहीही असो, ‘घरी विचारून उद्या देते’ एवढंच. तरीही जबरदस्तीनं घेतली, तर त्याच संध्याकाळी मेल टाका की ही सही माझ्या मर्जीनं नाही. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबू नका.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या आधी येते. रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो असं तुम्ही मध्येच एका वाक्यात लिहून पुढं गेलात. झोप, भूक, सतत रडू येणं हे दोन आठवड्यांहून जास्त चालू असेल तर वही, मालक, ग्रॅच्युइटी हे सगळं नंतर. डॉक्टरांना भेटा. सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. तिथं कुणी ओळखीचं दिसेल अशी धास्ती वाटत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटण्यापर्यंत गेलं असेल तर तीन महिन्यांची मुदत वगैरे मी वर लिहिलेलं विसरा, रजा टाका आणि बाहेर पडा.

आता ती शेवटची ओळ, मी खरंच विसरायला लागलेय का. दमलेला माणूस विसरतो, तुम्हीही अधूनमधून विसरत असाल. पण तुम्ही मला फेब्रुवारीतल्या एका कार्टनची दोन मापं पाव इंचापर्यंत लिहून पाठवलीत. ती कागदावरून उतरवली की आठवणीतून लिहिली, हे तुम्हाला माहीत आहे. साहेब तर ती तोंडीच देतात.